तुम्ही विचारलंत म्हणून: रेषेतल्या घराबद्दल

‘काकी, तुमचं स्वतःचं घर पूररेषेत. मग दुसऱ्यानं भराव टाकला की हरकत कशाला घेता?’ लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदाच लिहून टाकते.

कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या रमणमळ्यातलं आमचं घर, पुराचं पाणी कुठवर येतं ती सरकारी रेषा आखायच्या आधीचं आहे. नियमाला हे उत्तर पुरतं, पाण्याला नाही, हे मलाही कळतं.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी शेवटी ५५च्या वर गेलं. एरवी ते शेतातनं, समोरून यायचं. शिवाजी पुलावर मच्छिंद्री झाली, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं, की सामान माळ्यावर, हा सासूबाईंचा हिशेब. त्या वेळी मच्छिंद्री व्हायच्या आधीच मागच्या बाजूनं आलं, जिकडं उन्हाळाभर डंपर मुरूम ओतत होते. आधी न्हाणीच्या मोरीतनं बुडबुडे, मग फरशीच्या सांध्यांतनं. सासूबाई पलंगावर पाय घेऊन बसल्या. ‘अजून मच्छिंद्री कुठं झालीय?’ एवढंच म्हणत राहिल्या. पहाटे बोट आली तेव्हा तांदळाचा डबा सोडेनात. मी तो हिसकावून घेतला, ओरडले. पाणी ओसरल्यावर त्या नणंदेकडनं परत आल्याच नाहीत. गाळ आम्ही काढला. डब्याचं झाकण तेवढं सापडलं.

भरावामुळंच आलं, हे मला सिद्ध करता येत नाही. पाऊसही तसाच होता. पण पसरायची जागा बुजवली की पाणी कुठंतरी वळणारच ना?

विकून टाकूया, असं तेव्हा मीच म्हणाले होते. गिऱ्हाईक आलंही. त्यानं घर आतून बघितलंसुद्धा नाही. रस्त्यापासून जोत्यापर्यंत टेप लावून किती भर लागेल ते मोजलं. म्हणजे मी सुटणार आणि पाणी पुढच्या गल्लीत. तरी भाव बरा दिला असता तर त्या वर्षी विकलंही असतं, खोटं कशाला बोलू?

‘आपल्याकडंही असा काठ बांधा’ म्हणत अहमदाबादच्या साबरमतीच्या काठाचे फोटो पाठवणाऱ्यांनी एवढं बघावं: तिथं नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडून नदी भरलेली ठेवतात. इथं वरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कुणाला न विचारता उघडतात. भिंत बांधून, वर फिरायला रस्ता करून ते पाणी कुठं ठेवणार?

२०२१ला पाणी आणखी वर चढलं. मुलगा म्हणतो, ‘आई, तुझ्या हरकतींनी आपल्याच जागेचा भाव पडतोय.’ पडतोय, खरं आहे. प्रॉपर्टी कार्डावर सध्या माझं नाव आहे. पुढचं त्याला विचारा.