ग्रील-गेटपासून मक्याच्या सायलोपर्यंत: आमची वाटचाल

सिन्नरला वर्कशॉप टाकलं तेव्हा कामं होती खिडक्यांच्या ग्रीलची, गेटची आणि ट्रॉली दुरुस्तीची. मग निफाड तालुक्यात द्राक्षाच्या पॅकिंगची एक शेड मिळाली, पाठोपाठ पोल्ट्रीवाले आले आणि आम्ही शेतातलेच झालो.

आपल्याकडे शेडची खरी परीक्षा वळवाचा वारा घेतो. उघड्या बाजूंनी आत शिरला की तो छत खालून उचलतो. आयएस 875 या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर धरलाय. शेतकरी आधी पत्र्याची जाडी विचारतात, आम्ही आधी जमीन बघतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; मुरूम लागल्याशिवाय आम्ही पाया भरत नाही.

पत्रे पूर्वेकडून टाकत पश्चिमेला जायचं, म्हणजे जोडाचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे येत नाही. वळचणीला आणि आढ्याला स्क्रू जास्त. रबरी वॉशर जरासा पसरला की हात थांबवायचा. चेपून बाहेर आलेला वॉशर उन्हानं चिरतो आणि तिथूनच गळती सुरू होते. ग्राइंडरनं पत्रा कापायला आमच्याकडे सक्त मनाई आहे. कडेचं जस्त जळतं, उडालेले लोखंडाचे कण पत्र्याला चिकटून गंजतात. कात्रीनं वेळ लागतो, लागू दे.

कांदाचाळीला मात्र नुसता पत्रा आम्ही सुचवत नाही. तापलेल्या पत्र्याखाली कांदा टिकत नाही. कौलं किंवा सिमेंटचे पत्रेच घाला, असं स्पष्ट सांगतो.

येवला-मालेगावकडचा मका वाढला तशी सायलोची, म्हणजे धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच गोल कोठ्यांची, कामं आली. हे काम मला मनापासून आवडतं, कारण ते वरून खाली चालतं. आधी सगळ्यात वरची रिंग आणि छप्पर जमिनीवरच जोडायचं, भोवतीच्या जॅकनी सारखं उचलायचं आणि खाली पुढची रिंग बोल्टनं आवळायची. बरंचसं काम माणसाच्या उंचीवर होतं, पोरं उगाच उंचावर लटकत नाहीत. एक जॅक मागे राहिला तरी गोल बिघडतो, म्हणून उचलताना एकच माणूस हुकूम देतो.

मक्याचा काही भार घर्षणामुळे भिंतीवर येतो. तो पेलायला उभे स्टिफनर, म्हणजे भिंतीला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, लागतात, आणि माल मधल्या तोंडातूनच काढावा लागतो. एका बाजूनं काढला तर दाब असमान होऊन पत्रा आत दबतो. उभ्या सायलोला बाजूनं तोंड पाडून द्या म्हणणारे अजून भेटतात. ते काम आम्ही घेत नाही.