एका 'ए'साठी अडीच महिने

व्हिएतनामला कशा गेलात, किती लागले, हे कॉलेजात इतक्या जणींनी विचारलं की एकदाच लिहून टाकते. आकडा आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल: बारा दिवस, विमानासकट माणशी ४६ हजार. आम्ही तिघी, बी.एस्सी.चं तिसरं वर्ष, डिसेंबर २०२४. पैसे दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. आता खरं बोलायचं तर मला व्हिएतनामबद्दल जेवढं बोलायचंय, त्याच्या दुप्पट एका इंग्रजी अक्षराबद्दल बोलायचंय.

जुलैत मुंबई-हनोई तिकिटं स्वस्त झाली. दोघींकडे पासपोर्ट होते, माझ्याकडे नव्हता. "नंबर नंतर टाकता येतो गं," म्हणाल्या. येतोही. मी येऊन-जाऊन १९,४०० रुपयांचं, पैसे परत न मिळणारं तिकीट काढलं आणि मग पासपोर्टचा अर्ज केला. तुम्ही उलट्या क्रमाने करा.

फी १,५०० रुपये, ३६ पानी. पासपोर्ट केंद्रावर १२ ऑगस्टची वेळ मिळाली. कुठलं केंद्र ते लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच असं पप्पा अजून म्हणतात. आत ए, बी, सी अशी काउंटरं असतात. ए वर फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन. तिथे काही अडलं नाही. बी वरच्या साहेबांनी माझं आधार आणि दहावीचं मार्कशीट शेजारी शेजारी ठेवलं आणि पेनाचं टोक मधल्या नावावर टेकवलं.

"यातलं खरं कुठलं?"

पप्पांचं नाव दत्तात्रय. मार्कशीटवर इंग्रजीत शेवटी वायनंतर 'ए' आहे. आधारवर वायलाच नाव संपतं. एकवीस वर्षांत हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"सर, उच्चार तर एकच आहे ना."

"मग स्पेलिंगही एकच करून आणा."

फाइल होल्डवर. दुरुस्ती करून पुन्हा वेळ घ्यायची, फी परत भरावी लागत नाही, एवढाच दिलासा. (तत्काळ करायचं होतंस, असं नंतर तीन जणांनी ऐकवलं. तत्काळला २,००० जास्त लागतात. अक्षर काही उगवत नाही.)

घरी आले तर पप्पा गिरणीत. पट्ट्याच्या आवाजात मी ओरडून विचारलं, तुमच्या नावाच्या शेवटी ए आहे का? त्यांनी गिरणी बंद केली, हात झटकले आणि म्हणाले, "मी सही मराठीत करतो." खरंच होतं ते. ज्याचं नाव आहे त्याला त्या 'ए'ची उभ्या जन्मात गरज पडली नव्हती. शाळेत मास्तरांनी एक लिहिलं, आधारच्या कॅम्पात पोराने दुसरं टाइप केलं, आणि दोघांचंही बरोबर होतं.

मार्कशीट बदलायला बोर्डापर्यंत जावं लागतं, म्हणून आधार बदलायचं ठरलं. सोपं वाटलं. मार्कशीट घेऊन केंद्रावर गेले. ऑपरेटर म्हणाला, यावर फोटो नाही, फोटो असलेला पुरावा हवा. पॅन दाखवलं. ते आधारवरूनच झटपट काढलेलं, त्यामुळे 'ए' नाही. मतदान कार्ड, त्या वर्षी पहिल्यांदा मत दिलं म्हणून नवं कोरं, त्यावरही नाही. कॉलेजच्या आयकार्डावर तर नुसता 'डी' आणि टिंब. म्हणजे आधार दुरुस्त करायला फोटोवालं बरोबर कार्ड हवं, आणि फोटोवाली सगळी कार्डं चुकीच्या आधारवरून निघालेली. मी त्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं," आणि पुढचं टोकन पुकारलं.

पुढचे तीन आठवडे सल्ल्यांचे. एकाने प्रतिज्ञापत्र करायला लावलं. ५०० रुपये गेले, आधार केंद्राने ते हातातसुद्धा घेतलं नाही. सायबर कॅफेवाला म्हणाला, राजपत्रात नाव छापून आणा. राजपत्र नाव बदलणाऱ्यासाठी असतं, मी कुठे नाव बदलत होते? मी एक अक्षर मागत होते. मैत्रिणी ग्रुपवर हॉस्टेलांचे फोटो टाकायच्या आणि मी अंगठा दाखवायची. रात्री तिकीट उघडून तारीख बघायची, ४ डिसेंबर, आणि मोबाइल उलटा ठेवायची. एकदा आई म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वर्षी जा." त्या दिवशी मी जेवले नाही.

वाट सापडली ती दुसऱ्या आधार केंद्रात. तिथल्या बाईंनी सगळं ऐकलं आणि खणातून एक पानी छापील नमुना काढून दिला. आधारचंच प्रमाणपत्र असतं ते: वर तुमचा फोटो, खाली नावपत्ता, आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का. हा कागदच फोटोवाला पुरावा म्हणून चालतो, तीन महिन्यांपर्यंत. पहिल्या केंद्रात हे कुणाला ठाऊक नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

राजपत्रित अधिकारी शोधायला लांब जाऊ नका. सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी असतात. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या मॅडमनी ओपीडीच्या गर्दीत, एका बाळाच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढता काढता, मार्कशीट पाहिलं आणि सही केली. शिपायाने शिक्का मारला, कागदाच्या कोपऱ्यात, छान सुबक. केंद्रावर गेल्यावर बाईंनी मान हलवली. शिक्का आणि सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर यायला हवी. शिवाय मी जन्मतारखेत एका आकड्यावर पेन फिरवलं होतं. खाडाखोडही चालत नाही. नवा नमुना, नवा फोटो, पुन्हा दवाखाना. मॅडम दोन दिवस शिबिराला गेलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं आणि या वेळी शिक्का स्वतः मारला, माझ्या फोटोतल्या खांद्यावर.

मग तिसरी फेरी, आणि हे नीट वाचा. ऑपरेटर इंग्रजी नाव टाइप करतो तसं मराठी आपोआप उमटतं. बाईंनी शेवटचा 'ए' दाबला. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, बघून घ्या म्हणाल्या. इंग्रजी अगदी बरोबर. खाली मराठीत: दत्तात्रया. पप्पांना एक काना लागला होता! आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक खेप इथेच जात होती. "मॅडम, थांबा!" मी इतक्या जोरात म्हटलं की मागचा माणूस उठून उभा राहिला. त्यांनी काना काढला, मी तीनदा वाचलं, ५० रुपये भरले. स्क्रीन वळवली नाही तर तुम्ही मागा, लाजू नका.

अकरा दिवसांनी दुरुस्ती झाली. ९ ऑक्टोबरला पुन्हा पासपोर्ट केंद्र. बी काउंटरवर या वेळी दुसरेच साहेब. त्यांनी कागद उलटले, पत्ता विचारला आणि सी वर पाठवलं. मधल्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी उगाच दोन मिनिटं तिथे उभी राहिले, वाटलं, निदान बघा तरी.

पोलीस पडताळणीची सगळे भीती घालतात. माझी वीस मिनिटांत झाली. २८ ऑक्टोबरला स्पीड पोस्टने पासपोर्ट आला. तो ज्याचा त्याच्याच हातात देतात, तेव्हा त्या आठवड्यात गावाला जाऊ नका.

अरे हो, तिकीट. ते मी जुन्या आधारवरून काढलेलं, म्हणजे 'ए' नसलेलं. विमान कंपनीला फोन, चाळीस मिनिटं संगीत, एक अक्षर फुकट बदलून मिळालं. तोवर मला त्या अक्षराची किळस आली होती.

व्हिसा त्या मानाने काहीच नाही. ऑनलाइन निघतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असलेल्या सरकारी साइटवरच भरा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स बऱ्याच आहेत आणि त्या स्वतःचे पैसे वर लावतात. पासपोर्टच्या फोटोवाल्या पानाच्या तळाशी '<' अशा बाणांच्या दोन ओळी असतात, नाव त्यांत आहे तसं लिहा. कुठल्या विमानतळावरून आत जाणार तेही तिथेच निवडावं लागतं. कामाचे तीन दिवस सांगतात, माझा पाचव्या दिवशी आला. दोन प्रिंट काढा.

प्रवासाचं थोडक्यात. डिसेंबरात हनोईत थंडी असते, आम्ही टी-शर्ट घेऊन गेलो आणि पहिल्या रात्री बाजारात स्वेटर घेतले. विमानतळावरून ८६ नंबरची बस ४५ हजार डोंगांत जुन्या शहरात सोडते. आकड्याला घाबरू नका, रुपयाला साधारण ३०० डोंग मिळत होते. घाबरायचं नोटांना: २० हजारांची निळी आणि पाच लाखांचीही निळी. कॉफीच्या गाड्यावर मी पाच लाखांची दिली, बाईंनी हसून परत केली. हनोईहून ह्वे शहराला रात्रीच्या रेल्वेने गेलो, ६८८ किलोमीटर, सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त. बसता येत नाही त्यावर, पण एका रात्रीचं हॉस्टेल वाचतं. पाट्यांवर 'चाय' दिसलं तर चहा समजून आत जाऊ नका. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी. म्हणजे जाच, पण जेवायला. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे पुष्कळ जण मांस खात नाहीत, आपल्या एकादशीसारखं, तेव्हा त्या दिवशी चंगळ असते. बाकीचे दिवस भात आणि घरून नेलेली शेंगाचटणी.

भूगोलाचा पेपर रद्द झालेली आमची २०२० ची दहावीची बॅच. रस्ते मात्र एकदाच चुकलो.

हनोईतल्या हॉस्टेलात पहिल्या दिवशी गंमत झाली. रिसेप्शनच्या मुलाने पासपोर्ट आणि व्हिसा घेतले आणि पलंगांना लावायला चिठ्ठ्या लिहिल्या. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येतं आणि हाक मारायचं नाव सगळ्यात शेवटी. माझ्या व्हिसावर आडनाव, माझं नाव आणि मग पप्पांचं नाव असा क्रम होता, त्यातला शेवटचा शब्द त्याने उचलला. खोलीत गेले तर वरच्या बंकवर ठळक मार्करने लिहिलेलं: दत्तात्रय, इंग्रजीत. चार दिवस मला तिथे सगळे तीच हाक मारायचे, "दत्तात्राया, ब्रेकफास्ट!"

मी फोटो पप्पांना पाठवला. बराच वेळ उत्तर नाही, गिरणी चालू असेल. मग त्यांचा फोन आला. "मोठा करून बघितला," म्हणाले. "शेवटी ए आहे बघ."