एका शाफ्टवर दोन मोटरी: आमची वाटचाल

१९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसली. तेव्हापासून या भागाला यंत्रकाम परकं नाही. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्येही आधी पंपाचे शाफ्ट (फिरणारे दांडे) आणि कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारे भाग) हेच होत असत. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून बॅटरी ट्रॉलीची मागणी येऊ लागली आणि आमचं काम दोन मोटरी एका शाफ्टवर जोडण्याकडे वळलं.

एकीऐवजी दोन मोटरी का, याचं उत्तर हिशेबात आहे. भरलेली ट्रॉली १२०० किलोची, रॅम्प आठास एक, म्हणजे आठ मीटरला एक मीटर चढ. चढताना चाकाशी साधारण १७०० न्यूटन ओढ लागते. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर, म्हणजे ४२५ न्यूटन-मीटर टॉर्क, अर्थात फिरवण्याचा जोर. गिअर सोळास एक (मोटरच्या सोळा फेऱ्यांना चाकाची एक) धरला आणि थोडा तोटा मोजला, तर मोटरकडून ३० न्यूटन-मीटर हवेत. ३ किलोवॉट, ३००० आरपीएमची मोटर सलग साडेनऊच देते. एका मोटरीकडून तिप्पट काढण्यापेक्षा दोघींकडून पंधरा-पंधरा घेतले, तर रॅम्पपुरतं ते सोसतं. एका शाफ्टवर टॉर्कची बेरीज होते, वेगाची नाही. तेवढीच मोठी एक मोटर मिळत असेल आणि चासीत बसत असेल, तर तीच घ्यावी, असं आम्ही गिऱ्हाइकाला आजही सांगतो.

आम्ही सुरुवातीला रिजिड, म्हणजे जराही न लवणारं, कपलिंग वापरलं, ते चुकलं. चार बेअरिंग एका रेषेत ओढली जातात आणि किंचित फरक असला तरी बेअरिंग तापून आवाज करायला लागतात. आता स्पायडर कपलिंग लावतो, त्यात मध्ये लवचिक तुकडा (स्पायडर) असतो. दोन्ही मोटरी १२ मिमीच्या एकाच प्लेटवर बसवतो. डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून दोन्ही शाफ्टांच्या रेषेतला फरक ०.०५ मिमीच्या आत आणतो, मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्रे) देतो आणि ट्रॉली भरून पुन्हा तपासतो, कारण वजनाने चासी वाकते. गिअरबॉक्सकडच्या मोटरच्या शाफ्टमधून दोघींचा टॉर्क जातो. ताण तेवढाच ठेवायचा तर व्यास १.२६ पट हवा, म्हणून १९ चा शाफ्ट २४ मिमीचा करून घेतो. शाफ्ट आणि कपलिंग एकमेकांत घसरू नयेत म्हणून बसवायची चावीही ६×६ ऐवजी ८×७ मिमीची. ब्रेकिंगला टॉर्क उलटतो, सैल चावी आपली खाच (की-वे) खात जाते, आणि ते टकटक सुरू होईपर्यंत कळत नाही.

विजेचं काम जास्त जपून करावं लागतं. प्रत्येक मोटरीला स्वतंत्र कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला जाणारा करंट सांभाळणारा डबा) आणि स्वतंत्र फ्यूज. एकाच कंट्रोलरवर दोन्ही चालवायच्या तर दोन्ही रोटरांचे (मोटरच्या फिरणाऱ्या भागांचे) चुंबक तंतोतंत एका कोनात हवेत. चार पोल-जोड्यांच्या (चुंबकाच्या उत्तर-दक्षिण टोकांच्या चार जोड्या असलेल्या) मोटरीत शाफ्टची एक डिग्री चूक विद्युत कोनात चार होते. दोन कंट्रोलर ठेवले तरी दोघांना स्पीड मोडवर (वेग ठरवून देण्यावर) ठेवू नये. वेग ठरवताना फरक पडला की एक मोटर ओढते, दुसरी अडवते. ट्रॉली रांगते आणि दोन्ही तापतात. दोघांना टॉर्क मोडवर (वेगाऐवजी जोर ठरवून देण्यावर) ठेवून एकच थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सिग्नल द्यावा. थ्रॉटलचे ५ व्होल्ट एकाच कंट्रोलरकडून घ्यावेत, ग्राउंड मात्र दोघांचं एकत्र. मग डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) दोन्ही कंट्रोलरांच्या बॅटरी वायरी तपासाव्यात. करंट जवळपास सारखा हवा. एकीकडे उलटा दिसला, तर आपसात झुंज चालू आहे.

मोटरी समोरासमोर बसवल्या असतील, तर आपापल्या शाफ्टकडून पाहता एकीला उलटं फिरावं लागतं. नुसत्या दोन फेज वायरी (कंट्रोलरकडून मोटरला वीज नेणाऱ्या तीनपैकी दोन) अदलाबदल करून भागत नाही, हॉलच्या (रोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरच्या) दोन वायरीही जोडीने बदलाव्या लागतात. म्हणून आमच्याकडे आधी स्पायडर काढून, चाकं उचलून प्रत्येक मोटर वेगळी फिरवून बघतात, नंतरच कपलिंग जोडतात.

शेवटची खबरदारी कंट्रोलर जळाल्यावरची. त्यातला मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला तर बंद मोटरही ब्रेकसारखी अडते आणि तिच्या वायरी तापतात. म्हणून फेजच्या तिन्ही वायरी बोल्टच्या लगवर (वायरीच्या टोकाच्या, बोल्टने आवळायच्या कडीवर) ठेवतो. स्विच बंद करून त्या सोडवायच्या, प्रत्येक टोकाला टेप लावायची, आणि भार उतरवून दुसऱ्या मोटरीवर सपाट रस्त्याने हळू घरी यायचं. रॅम्पवर तशी नेऊ नये.