संदर्भ कपाटापाशी मिळालेले शिक्षण

पुढे मराठी साहित्याचे संशोधन हेच माझे काम झाले आणि त्या कामाची पद्धत मला शाळेच्या ग्रंथालयात, संदर्भग्रंथांच्या कपाटापाशी मिळाली. ते ग्रंथ घरी नेता येत नसत. त्यामुळे तेथेच बसून टिपणे काढण्याची सवय आम्हांला लागली.

कोशातला अर्थ उतरवून घेऊन थांबायचे नाही, असा आमच्या ग्रंथपाल बाईंचा आग्रह असे. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला 'महाराष्ट्र शब्दकोश' त्यांनी आमच्यापुढे ठेवला, तेव्हा सर्वांत आधी संक्षेपांची यादी वाचायला लावली. जुन्या शब्दाच्या अर्थापुढे 'ज्ञा' आणि दोन आकडे दिसले, की ते ज्ञानेश्वरीचा अध्याय व ओवी दाखवतात हे ओळखायचे, प्रत काढायची आणि ती ओवी मागच्यापुढच्या ओव्यांसह वाचायची. प्रतीप्रतींत ओव्यांचे क्रमांक पुढेमागे होतात, पाठही बदलतो; म्हणून कोणती प्रत पाहिली, तिचे संपादक कोण आणि ती कोणत्या वर्षीची, हे टिपणाच्या माथ्यावर लिहिल्याखेरीज बाई ते टिपण वाचतच नसत. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी आज हाच नियम घालते.

ग्रंथालयात पुस्तके विषयवार अंक देऊन लावण्याच्या ड्युई दशांश वर्गीकरणातील ८९१.४६ या अंकावरून मराठी साहित्याचे फडताळ सापडते; परंतु त्या फडताळावर नसलेल्या पुस्तकाचा पत्ता सूचीच देते. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ आणि दुसऱ्यात १९३८ ते १९५० या काळातील ग्रंथांच्या नोंदी आहेत. त्यामागच्या चिकाटीविषयी मला अपार आदर आहे. कादंबरीची पहिली आवृत्ती कोणत्या वर्षीची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण हाती असलेली आवृत्ती लेखकाने मागाहून सुधारलेली असेल, तर तिच्या आधारे पहिल्या आवृत्तीच्या काळाविषयी काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आता अनेक कोश संगणकावर शोधता येतात, ही मोठीच सोय आहे. तरीही छापील सूची चाळताना हव्या त्या नोंदीच्या वरची आणि खालची नोंदही नजरेखालून जाते. माझ्या प्रबंधाचा विषय मला अशाच एका शेजारच्या नोंदीत मिळाला. म्हणूनच महोत्सवी वर्षात शाळेने हे कपाट जपावे आणि शब्दकोशाचा १९५० साली निघालेला पुरवणी खंड संचात नसेल तर तो मिळवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याचा खर्च मी आनंदाने उचलीन.