शटर बदलले, कॅमेरा तोच

गेल्या मे महिन्यात माझ्या डीएसएलआरच्या छायाचित्रांत वरच्या कडेला काळा पट्टा येऊ लागला, तेव्हा घरच्यांचे मत एकच पडले की चौदा वर्षे वापरून झाला, आता नवा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा नसलेला कॅमेरा घ्यावा. मीही जवळपास तयार झालो होतो. पण फोर्टात जाणे होतेच, म्हणून बोरा बाजारातल्या एका कारागिराला कॅमेरा दाखवला. छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला शटरचा आकडा, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा किती वेळा उघडला ते, त्याने आधी पाहिले; तो आकडा १,६२,००० च्या पुढे गेला होता. या वर्गातल्या शटरची चाचणी साधारण १ ते १.५ लाख वेळांपर्यंत घेतलेली असते, तेव्हा तक्रारीला जागाच नव्हती.

आठवड्याने त्याने जुने शटर माझ्या तळहातावर ठेवले. काड्यापेटीहून थोडे मोठे, आत कागदासारखी पातळ काळी पाती आणि त्यांतल्या एकाची कड मुडपलेली. नव्या बॉडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत काम झाले.

सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मात्र असा बदलून मिळत नाही, आणि जुन्या कॅमेऱ्याची खरी मर्यादा तीच. ए४ आकाराच्या छपाईला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने २४८० × ३५०८, म्हणजे जेमतेम ८.७ मेगापिक्सेल लागतात आणि माझ्याकडे १६ आहेत, त्यामुळे दिवसा काही अडत नाही. अडते ते कुडाळकडच्या दशावतारात: ट्यूबलाइटच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० केला की राजाच्या मुकुटावरचे सोनेरी काम रवाळ दिसते. त्यावर उपाय म्हणून मी ५० मिमी एफ/१.८ लेन्स घेतली; एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे तोंड मोठे उघडते. कॅमेऱ्यासोबत आलेल्या झूमच्या एफ/५.६ पेक्षा ती साडेनऊ पटींहून अधिक उजेड आत घेते, त्यामुळे त्याच प्रयोगाला आयएसओ ४०० पुरतो. तोंड एवढे उघडले की थोड्याच अंतरातले स्पष्ट येते, म्हणून तलवारीवर फोकस बसला तर चेहरा सुटतो, हे मान्य.

ज्यांना प्रामुख्याने व्हिडिओ करायचा आहे, किंवा धावत्या मुलाच्या डोळ्यांवर फोकस खिळवून ठेवायचा आहे, त्यांनी खुशाल नवा कॅमेरा घ्यावा. बुरशीने काचेवरचे कोटिंग खाल्लेल्या लेन्सवरही मी पैसे घालणार नाही, कारण बुरशी पुसता येते, पण कोटिंग परत येत नाही.

म्हणून पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतो. निळे दाणे गुलाबी झाले की मी ते एका जुन्या तव्यावर तापवून पुन्हा निळे करतो. त्या तव्यावर पोळी भाजायची नाही, अशी घरात सक्त ताकीद आहे.