कार्ड येऊ दे, मग बघू

परवा दुपारी नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या त्या दुकानात परत गेलो. कितव्यांदा ते मोजलेलं नाही, पण तिथला पोरगा आता मला बघून उठत नाही, बसल्या जागेवरून मलाच विचारतो, "काय दादा, आलं का नवीन काही?" म्हणजे गिऱ्हाईक कोण आणि दुकानदार कोण तेच कळेना. काचेमागे तयार गेमिंग पीसी, कॅबिनेटचे पंखे निळे-जांभळे-हिरवे होत फिरतायत, अगदी गणपतीचं मखर, आणि मी समोर हात मागे बांधून उभा.

स्वतः असेंबल का नाही करत म्हणून विचारू नका. प्रोसेसर बसवताना सॉकेटची एक पिन वाकली की हजारोंचा मदरबोर्ड गेला, हे मी यूट्यूबवर इतक्यांदा बघितलंय की स्वप्नात पण पिन वाकते. त्यामुळे रेडिमेडच.

तर जानेवारी 2025. एनव्हिडियाचं 4060 हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर काढणारा भाग, ते असलेला पीसी जवळजवळ घेतलाच होता, बायकोचा होकारही मिळालेला (हे मुद्दाम सांगतोय, सोपं नव्हतं ते), आणि नेमकी त्याच आठवड्यात एनव्हिडियाने कार्डांची नवी 50 सिरीज जाहीर केली. आता नवीन येतंय म्हणल्यावर जुनं कोण घेणार? थांबलो. पण हे लोक आधी वरची कार्डं काढतात, जानेवारीच्या शेवटी 5090 न् 5080, मग 5070, आणि आपल्यासारख्यांचं 5060 यायला मे उजाडला. बरं कार्ड आलं म्हणजे प्रीबिल्टमध्ये, म्हणजे तयार पीसीत, आलं असं पण नाही, आधी ते सुटं विकणार, मग हे पीसीवाले जुना स्टॉक संपवणार, मग कुठे आपला नंबर. तोवर यूट्यूबवाल्यांनी सांगून टाकलं की यात पण मेमरी 8 जीबीच, 4060 ला होती तेवढीच. झालं. म्हणलं आता सुपर येऊ दे, म्हणजे त्याच कार्डांची सुधारलेली आवृत्ती.

वडील म्हणाले, "सुपर येणारे? मग आत्ता विकतायत ते काय आहे?" काय सांगणार. 4070 आहे, 4070 सुपर आहे, 4070 टीआय आहे आणि 4070 टीआय सुपर पण आहे. त्यापेक्षा आपली द्राक्षं बरी, थॉमसन म्हणजे थॉमसन.

वाट बघायची सवय आमच्याकडे आईच्या बाजूने आलीये. मामाचं शेत निफाडकडे. उन्हाळ कांदा काढला की चाळीत भरायचा, लाकडी पट्ट्यांच्या भिंती, खालून वारं लागावं म्हणून जमिनीपासून उचललेली. मे महिन्यात सुट्टीला जायचो तेव्हा चाळ भरलेली आणि राखीला जायचो तेव्हाही भरलेलीच. मामा रोज सकाळी पेपरात लासलगावचा भाव बघायचा, पेपरची घडी मांडीखाली सारायचा आणि म्हणायचा, "अजून जरा चढू दे." मामी काही बोलायची नाही, नाकाला पदर लावून चाळीकडे जायची. आम्हा पोरांना निवडायला बसवायचे. कोंब आलेला इकडे, मऊ लागला तो तिकडे, कधी कधी वरून चांगला दिसायचा आणि उचलला की अंगठा सरळ आत, पचकन. मग रात्री हात किती का धुवा, भाकरीला तोच वास. एका वर्षी भाव खरंच चढला, चांगला चढला, पण तोवर चाळीत निम्मा माल राहिलेला. मामा त्या दिवशी पण पेपरच वाचत होता.

मामा चढायची वाट बघायचा, मी उतरायची बघतो, एवढाच फरक.

पण थांबणारा दरवेळी बुडतोच असं नाही हां. 2021 मध्ये माझ्या सिडकोतल्या मित्राने जवळजवळ दुप्पट पैसे मोजून कार्ड घेतलं. तेव्हा सगळी कार्डं क्रिप्टोच्या मायनिंगवाल्यांनी (कार्डांवर आकडेमोड करून डिजिटल नाणी कमावणारे) उचललेली, बाजारात मिळतच नव्हती. पुढे सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि तीच वापरलेली कार्डं ढिगाने विकायला निघाली. मी त्याला इतका हसलो होतो. तो म्हणाला, हस, पण मी आज रात्री खेळणारे.

आता कार्डाकडे डोळे लावून बसलो आणि महागलं भलतंच. 2025 संपता संपता रॅमचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीचे, भाव असे भडकले की विचारू नका, एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते म्हणून माल सगळा तिकडे, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. साहजिकच काचेमागच्या त्या मखराची किंमत पण वर. पोरगा म्हणाला, "दादा, गणपतीत घेतला असता ना तर..." मी म्हणलं, माउसपॅड दाखव.

माउसपॅड घेऊन बाहेर आलो. पुढे रस्ता खोदलेला, 2027 च्या सिंहस्थाची तयारी. सिंहस्थाचं एक बरंय, बारा वर्षांनी म्हणजे बारा वर्षांनी, आणि मध्येच कोणी सिंहस्थ सुपर काढत नाही.

सेलमध्ये घेऊन ठेवलेले गेम माझ्याकडे एकेचाळीस झालेत. या लॅपटॉपवर त्यातले दोन चालतात, ते पण कुकरची शिट्टी झाल्यासारखा आवाज करत. बरेचसे दोघांनी मिळून खेळायचे आहेत, त्या सिडकोवाल्यासोबत खेळू म्हणूनच घेतलेले. त्याची पुण्याला बदली झाली, पीसी भाच्याला देऊन गेला. आधी दर शनिवारी मेसेज यायचा, आला का रे?

हल्ली विचारत नाही.