आमची वाटचाल : मोजणी जिवंत पेशींचीच

उद्यमबागेतली आमची लॅब केळीच्या रोपांवर चालते. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते प्रोटोप्लास्टचं, म्हणजे बाहेरची भिंत काढलेल्या वनस्पतीच्या पेशींचं, कारण तेच काम आमच्या हातून जवळजवळ गेलं होतं.

एका स्पर्धकानं निम्मा दर लावला आणि पत्रकात छापलं, ‘ग्रॅमभर पानातून एक कोटी’. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची आखलेली काच) गोल आणि हिरवं दिसलं की मोजलं, मग ते मेलेलं का असेना! एकेक ऑर्डर तिकडे गेली. निपाणीकडचे एक लिंबूवर्गीय रोपवाटिकावाले मात्र थांबले. त्यांनी विचारलं, “काय हो, ह्यातले जगणारे किती?” आम्ही फ्लुओरेसीन डायअसिटेट हा रंग घालून निळ्या प्रकाशात दाखवलं. जिवंत पेशी तेवढ्या हिरव्या चमकतात.

प्रोटोप्लास्ट काढायला पान लॅबमध्ये बाटलीत वाढवलेल्या फुटव्याचंच घ्या. खानापूरच्या पावसातलं बागेतलं पान वरून कितीही धुतलं तरी आतली बुरशी जात नाही, आणि पानावरच्या जाड मेणचट थरातून (क्युटिकल) पेशीभिंत विरघळवणारं एन्झाइम शिरत नाही. पट्ट्या अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या, ब्लेड कोरं. बोथट ब्लेड कडा चेंगरतं, फिनॉल सुटतात, द्रावण तपकिरी होतं. आधी तासभर ०.६ मोलर मॅनिटॉल, म्हणजे भिंत गेल्यावर पेशी पाणी पिऊन फुटू नये म्हणून साखरेसारखा पदार्थ. मग त्याच मॅनिटॉलमध्ये सेल्युलेज १ टक्का, मॅसरोझाइम ०.३ टक्के (ही भिंत विरघळवणारी एन्झाइम्स), थोडं कॅल्शियम क्लोराइड, पीएच ५.६. हे द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की एन्झाइम मेलंच, ०.२२ मायक्रॉनमधूनच गाळायचं. २५ अंश, अंधार, रात्रभर, शेकर अगदी मंद. लाइट गेली आणि खोली तापली तर पेशी फुटतात, म्हणून शेकर अन् एसी आधी इन्व्हर्टरवर घ्या, कॉम्प्युटर नंतर.

गाळणी ४० मायक्रॉनची, सेंट्रीफ्यूज १०० जी, पाच मिनिटं. जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर; तो फेऱ्यांवर आणि त्रिज्येवर ठरतो, म्हणून नुसता आरपीएम सांगणाऱ्याला रोटरची त्रिज्या विचारा. शेवटी २१ टक्के सुक्रोजवर मॅनिटॉलचा थर. धडक्या पेशी दोन्हींच्या सीमेवर तरंगतात, कचरा तळाला.

कल्चरला मिलीलिटरमागे लाखभर पेशी. एमएस (मुराशिगे-स्कूग) या वाढीच्या माध्यमातलं अमोनियम नायट्रेट काढून ग्लुटामिन घाला, अमोनियम त्यांना सोसत नाही. मॅनिटॉल हळूहळू उतरवा.

आणि ‘पानापासून थेट लिंबाचं रोप’ म्हणून विकणाऱ्यांबद्दल : लिंबूवर्गीय पानांतले प्रोटोप्लास्ट सहसा विभागतच नाहीत. ते पॉलिएथिलीन ग्लायकॉलनं भ्रूणजनक कॅलसच्या (ज्यातून भ्रूण, मग रोप तयार होऊ शकतं असा पेशींचा गोळा) प्रोटोप्लास्टशी जोडावे लागतात, वाढ त्या कॅलसच्या जोरावर होते. निपाणीकरांचं काम आम्ही असंच करतो. बिलावर जिवंतपणाची टक्केवारी लेखी असते, ती सत्तरखाली गेली तर बॅच सिंकमध्ये.